बारोलोची बाटली: निवडण्यापासून रिकामी होईपर्यंत

बारोलो ही इटलीची लाल वाईन. तिचं नाव मोठं आणि किंमतही मोठी. तरी पहिल्या घोटाला अनेकांचं तोंड वाकडं होतं. "एवढी तुरट? आणि रंग असा फिकट कसा?" मग दोष बाटलीला दिला जातो. बहुतेक वेळा बाटलीत काहीच बिघडलेलं नसतं. ती पाच-सात वर्षं लवकर फोडलेली असते, किंवा बूच काढून दहाव्या मिनिटाला ओतलेली असते, नाहीतर ताटात तिच्याशी भांडणारा पदार्थ असतो. बारोलोच्या बाबतीत होणाऱ्या चुका जवळजवळ सगळ्या वेळेच्या आहेत, काही वर्षांच्या आणि काही तासांच्या. खाली कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने दिली आहेत. खरेदीपूर्वीच्या भागावर मुद्दाम जास्त थांबलो आहे, कारण तिथे चुकलं तर पुढे कितीही काळजी घेतली तरी सावरता येत नाही.

## १. वाणाचा स्वभाव ओळखा

बारोलो फक्त एका वाणापासून होते: नेब्बिओलो. त्यात दुसरं एक टक्का द्राक्षही चालत नाही. हा वाण वायव्य इटलीचा. पिएमाँते प्रांतात त्याचे उल्लेख तेराव्या शतकापासून सापडतात. त्याचं मूळ पिएमाँतेतलं की लोंबार्दीच्या वाल्तेल्लिना खोऱ्यातलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दोन्हीकडे त्याचे रक्ताचे नातेवाईक वाण आहेत. वाल्तेल्लिनात त्याला किआवेन्नास्का म्हणतात आणि पिएमाँतेच्या उत्तर भागात स्पान्ना. लेबलवर ही नावं दिसली तर वाण तोच, वाईन मात्र वेगळी, हे लक्षात ठेवा.

नेब्बिओलो शेतकऱ्याला जेरीस आणतो. डोळे लवकर फुटतात, त्यामुळे वसंतातल्या कडाक्याच्या थंडीची भीती. घड मात्र सगळ्यांच्या शेवटी पिकतात, बहुधा ऑक्टोबरमध्ये, म्हणजे शरदातल्या पावसाचीही भीती. काडीच्या तळाकडचे डोळे बहुतेक वांझ, म्हणून छाटताना काडी लांब ठेवावी लागते. त्यात जागेच्या बाबतीत भयंकर चोखंदळ. लांगेच्या, म्हणजे बारोलो जिथे होते त्या भागातल्या, टेकड्यांवर दक्षिणेकडे तोंड असलेले उतार नेब्बिओलोला देतात आणि उरलेल्या जागी दोल्चेत्तो, बार्बेरा हे दुसरे वाण लावतात.

पिणाऱ्याच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या:

- रंग फिकट असतो. नेब्बिओलोच्या सालीतलं रंगद्रव्य टिकाऊ नसतं. तरुण बारोलो डाळिंबी दिसते आणि काही वर्षांत पेल्याच्या कडेला विटकरी झाक येते. याचा अर्थ वाईन पातळ किंवा शिळी आहे असा होत नाही.
- टॅनिन भरपूर असतं. हिरड्या आणि गाल कोरडे पडतात तो तुरटपणा. रंगाकडे बघून तो येणार याची कल्पनाच येत नाही, म्हणून धक्का जास्त बसतो.
- आंबटपणाही चढा असतो. ही वाईन दशकानुदशकं टिकते ती या दोन गोष्टींच्या जोरावर. जेवणाशिवाय ती जड जाते तीही त्यांच्यामुळेच.

> तपासा: तुम्हाला गडद, मऊ, पिकल्या फळाची, नुसती बसून प्यायची लाल वाईन आवडत असेल तर बारोलो तुमच्यासाठी नाही. यात कमीपणा काहीच नाही, पण हे पैसे देण्याआधी ठरवा.

## २. लेबल ओळीने वाचा

पिएमाँतेच्या कूनेओ जिल्ह्यात, आल्बा शहराच्या नैऋत्येला, अकरा गावांच्या हद्दीत बारोलोचं क्षेत्र येतं. लागवड जेमतेम दोन हजार हेक्टरांच्या थोडी वर. यातली बारोलो, कास्तिल्योने फाल्लेत्तो आणि सेर्रालुंगा दाल्बा ही तीन गावं पूर्णपणे क्षेत्रात आहेत, बाकीच्यांचा काही भाग. समुद्रसपाटीपासून १७० ते ५४० मीटर उंचीचे उतारच चालतात आणि सरळ उत्तरेकडे तोंड असलेली जमीन नियमानेच बाद.

लेबलवर या क्रमाने नजर फिरवा.

पहिलं, दर्जाची अक्षरं. "बारोलो"च्या खाली "डेनोमिनाझिओने दी ओरिजिने कोंत्रोल्लाता ए गारांतिता" हे लांबलचक नाव किंवा त्याची डी-ओ-सी-जी ही आद्याक्षरं हवीत. हा दर्जा बारोलोला १९८० मध्ये मिळाला. बाटलीच्या गळ्यावर क्रमांक असलेली सरकारी कागदी पट्टीही असते. ती नसेल तर बाटली परत ठेवा.

दुसरं, काढणीचं वर्ष. नियमाप्रमाणे बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले किमान १८ महिने लाकडात. हा काळ काढणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून मोजतात. म्हणजे २०१९ ची काढणी बाजारात आली ती २०२३ च्या जानेवारीपासून. "रिझेर्वा" लिहिलं असेल तर ही मुदत ६२ महिन्यांची होते.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: "कायद्यानेच तीन वर्षं मुरवली आहे, म्हणजे प्यायला तयार." तसं नाही. कायदा फक्त विकायची परवानगी देतो. ताजी बाजारात आलेली बारोलो बहुधा सगळ्यात कडक अवस्थेत असते.

तिसरं, गावाचं किंवा मळ्याचं नाव. २०१० पासून लेबलवर लिहिता येतील अशा १८१ अधिकृत जागा ठरवल्या आहेत. त्यातली ११ नावं गावांची, बाकीची शिवारांची: कान्नुबी, ब्रुनाते, रोक्के देल्लानुन्झियाता, विल्लेरो, विन्या रिओंदा, मोन्विल्येरो वगैरे. ही यादी दर्जाची उतरंड नाही. नुसत्या सीमा आखलेल्या आहेत. काही शिवारं एवढीशी आहेत, तर मोन्फोर्ते गावची बुस्सिया इतकी पसरलेली की तिच्या एका टोकाची वाईन दुसऱ्या टोकाच्या वाईनशी मेळ खाईलच असं नाही. नाव दिसलं म्हणून जास्त पैसे मोजू नका. त्या जागेतली कोणाची वाईन आहे हे आधी बघा.

चौथं, बाटलीच्या खांद्यावरची उठावदार अक्षरं. बऱ्याच बाटल्यांच्या काचेवर "आल्बेइसा" असं उमटलेलं असतं. अनेकजण ते उत्पादकाचं नाव समजतात आणि पुढच्या वेळी दुकानात "आल्बेइसा द्या" म्हणतात. तो आल्बा परिसरातल्या बाटलीचा ठरलेला आकार आहे. त्याच काचेत बार्बेराही भरतात आणि दोल्चेत्तोही.

> सावधान: "बारोलो किनातो" ही वेगळीच गोष्ट आहे. बारोलोत सिंकोनाची साल, मसाले आणि साखर घालून केलेलं ते कडू-गोड पेय जेवणानंतर घ्यायचं असतं. काळ्या चॉकलेटबरोबर ते झकास लागतं, पण ब्रासातोबरोबर (वाईनमध्ये मंद शिजवलेलं मांस) उघडलंत तर जेवण फसलंच.

## ३. गाव आणि वर्ष जुळवून ठरवा

वाईन कधी उघडणार आहात हे आधी ठरवा आणि मग गाव-वर्ष निवडा. लोक नेमकं उलटं करतात. सर्वात गाजलेलं वर्ष आणतात आणि पुढच्या शनिवारी उघडतात.

ढोबळमानाने पश्चिमेकडच्या ला मोर्रा आणि बारोलो गावांत निळसर, सुपीक चिकणमाती-चुनखडीची जमीन जास्त. तिथली वाईन सुवासिक, तुलनेने मऊ आणि लवकर खुलणारी. पूर्वेकडच्या सेर्रालुंगा आणि दक्षिणेकडच्या मोन्फोर्तेत वाळूखडकाचे थर मिसळलेली जुनी, कस कमी असलेली जमीन. तिथली वाईन कडक, हाडापेराने मजबूत, सावकाश उलगडणारी. कास्तिल्योने फाल्लेत्तो या दोहोंच्या मध्ये, जागेने आणि गुणानेही. उत्तरेच्या वेर्दूनोची वाईन हलकी, मिऱ्यासारख्या वासाची. या ढोबळ रेषा आहेत. उत्पादकाचा हात त्या सहज पुसून टाकतो. कोणी वाईन मोठ्या जुन्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवतो, कोणी लहान नव्या ओकच्या पिंपांत. दुसऱ्या प्रकारात व्हॅनिलाचा, भाजल्यासारखा वास येतो. मला तो नेब्बिओलोच्या गुलाबी वासावर पांघरूण घातल्यासारखा वाटतो, पण तो आवडणारेही खूप आहेत.

आता वर्ष. २०१०, २०१३, २०१६ आणि २०१९ ही भक्कम, लांब पल्ल्याची वर्षं. २०११, २०१५ आणि २०१७ गरम. त्यात फळाचा गोडवा पुढे आणि वाईन लवकर हाताशी येणारी, जरी २०१७ मध्ये काही ठिकाणी टॅनिन कोरडं राहिलं आहे. २०१४ चा उन्हाळा थंड आणि पावसाळी होता, २०१८ हलकं वर्ष. ही दोन्ही वर्षं समीक्षकांनी बाजूला सारली, आणि नेमकी म्हणूनच चांगल्या उत्पादकाची २०१८ आज उघडायला सोयीची आहे.

माझा अंदाज असा असतो: हलक्या किंवा गरम वर्षाची, ला मोर्राकडची बारोलो काढणीपासून सात-आठ वर्षांनी, भक्कम वर्षाची, सेर्रालुंगाकडची असेल तर बारा-पंधरा वर्षांनी, तीही घाई झाल्यासारखी. मधल्या काही वर्षांत बाटली मिटून बसते. सुरुवातीचं ताजं फळ ओसरलेलं आणि पुढचे वास अजून उमललेले नाहीत, अशी अवस्था. त्या काळात उघडलेली बाटली सर्वात जास्त निराश करते.

थांबायची तयारी नसेल तर बारोलोच घ्यायला हवी असं नाही. त्याच वाणाची "लांगे नेब्बिओलो" (यात किमान ८५ टक्के नेब्बिओलो असतो) लवकर प्यायलाच बनवलेली असते आणि खिशालाही हलकी. शेजारच्या बार्बारेस्को या नेब्बिओलोच्याच वाईनला २६ महिने मुरवणं पुरतं. तीही साधारणपणे आधी खुलते. आज रात्री उघडायची असेल तर लहान वयाच्या बारोलोपेक्षा चांगल्या घरची लांगे नेब्बिओलो घ्या. यात तडजोड कसली, शहाणपणच आहे.

> तपासा: दुकानात बाटली उभी, दिव्याखाली, उबदार जागी ठेवलेली असेल तर घेऊ नका. बूच गळ्याबाहेर फुगलेलं किंवा गळ्याजवळ चिकट ओघळ असेल तर नक्कीच नको. जुन्या बाटलीत वाईनची पातळी खांद्याच्या खाली गेली असेल तर हवा आत शिरली आहे.

## ४. ठेवण्याची जागा

यात फार काही सांगण्यासारखं नाही, पण चुकलं की सगळं वाया. बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहील. तापमान १२ ते १४ अंश, आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते वर-खाली न होणारं. हवेत दमटपणा ६५-७० टक्के, अंधार, हादरे नाहीत. सतत १६ अंशांवर असलेली जागा चालते. दिवसा २८ आणि रात्री १८ असलेली चालत नाही.

स्वयंपाकघरातलं कपाट म्हणजे वाईनची शिक्षा. तशी जागाच नसेल तर वाईनचा फ्रिज घ्या किंवा लांब मुदतीची बाटली विकतच घेऊ नका. साधा फ्रिज काही आठवड्यांपुरता ठीक. वर्षानुवर्षं नाही, कारण आतली हवा कोरडी असते आणि बूच सुकतं.

## ५. उघडायच्या दिवसाचं वेळापत्रक

पाहुणे आठला जेवणार असतील तर उलटे मोजत या.

दहा वर्षांच्या आतली बाटली: पाचच्या सुमाराला बूच काढा, चव घ्या, आणि लगेच रुंद तळाच्या डिकँटरमध्ये (वाईन ओतून ठेवायचं काचेचं भांडं) धबधब्याने ओता. हवा लागू द्यायचीच आहे, संकोच नको. दोन-तीन तास तिथेच राहू द्या. मध्ये दर तासाला एक घोट घेऊन बघा. पहिल्या घोटात डांबर आणि तुरटपणा, दुसऱ्यात चेरी, तिसऱ्यात गुलाब, असा बदल कळतो.

दहा ते वीस वर्षांची: तासभर पुरे, डिकँटर अरुंद घ्या.

वीस वर्षांवरची: ही घाईने मोडते. बाटली दोन-तीन दिवस आधी उभी करा, म्हणजे गाळ तळाला बसेल. नेब्बिओलोचा गाळ फार बारीक असतो आणि कडू. आदल्या रात्री उभी केली तर तो पूर्ण बसत नाही. गाळ काढायचा तो जेवायला बसण्याच्या थोडाच आधी.

> सावधान: नुसतं बूच काढून बाटली टेबलावर ठेवणं म्हणजे "श्वास घेऊ देणं" नव्हे. गळ्यातल्या नाण्याएवढ्या पृष्ठभागाला लागून लागून किती हवा लागणार? तरुण बारोलोला त्याने तासा-दोन तासांत काडीचा फरक पडत नाही.

## ६. जुन्या बाटलीचं बूच आणि गाळ

इथे हात सावकाश चालवायचा.

बाटली उभी केली होती तशीच, न हलवता उघडायच्या जागी आणा. वरचं आवरण ओठाच्या बरंच खाली कापा आणि पूर्ण काढून टाका, कारण पुढे गळा पारदर्शक दिसायला हवा. ओठावर काळपट बुरशी असेल तर ओल्या फडक्याने पुसा. ती बाहेरची असते, घाबरू नका.

वीस वर्षांचं बूच मळसूत्री उघडणीने अर्ध्यातच तुटतं. त्यापेक्षा दोन पात्यांची उघडणी घ्या. लांब पातं आधी बूच आणि काच यांच्या फटीत सरकवा, मग आखूड. एकदम दाबायचं नाही. डावी-उजवीकडे झुलवत थोडं थोडं खाली. सुरुवातीला जोर लावलात तर बूच आत पडेल. पाती पूर्ण गेली की गोल फिरवत वर ओढा. बूच तळाशी काळंभोर आणि ओलं निघेल, वरच्या टोकाला कोरडं. तळ ते टोक ओलं असेल तर गळती झालेली आहे, पण निकाल चवीवरच द्या.

ओठ आतून कोरड्या फडक्याने पुसा. आता गळ्याच्या खांद्यामागे लहान विजेरी किंवा मेणबत्ती येईल अशी मांडणी करा. डिकँटर तिरपा धरा आणि बाटली एकाच संथ हालचालीत झुकवा. काचेच्या भिंतीवरून पातळ धार जाऊ द्या. मध्ये थांबायचं नाही आणि बाटली परत सरळ करायची नाही. केलीत तर तळाचा गाळ सगळीकडे उठतो आणि दोन-तीन दिवसांची तयारी पाण्यात.

तीन-चतुर्थांश बाटलीपर्यंत धार स्वच्छ, माणकासारखी. मग खांद्याजवळ एक धुरकट धागा दिसेल, मंद सरकणारा. त्याच्या मागे काळे कण येतात. धागा गळ्यात शिरला की थांबा. बाटलीत दोन-तीन घोट राहतील, राहू द्यात. ते वाचवायला चहाची गाळणी लावणारे असतात. गाळणीतून कण अडतात, कडवट पूड अडत नाही.

बूच तुटून तुकडा आत पडला तर घाबरायचं कारण नाही. त्या वेळी मात्र ओतताना डिकँटरच्या तोंडाशी बारीक स्वच्छ जाळी धरा.

## ७. चव घ्या, आधी तुम्ही, मग पाहुण्यांना

डिकँटरमध्ये जाण्यापूर्वी एक लहान घोट पेल्यात घेऊन वास घ्या. काय बिघडलं आहे आणि काय मुळातच तसं आहे, यात गोंधळ होतो.

- भिजलेल्या पुठ्ठ्याचा, ओल्या तळघराचा वास: बुचाचा दोष. थांबून जात नाही, वाढतो. बाटली परत करा.
- व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणका: अगदी किंचित असेल तर जुन्या शैलीत तो चालतो. नाकात झोंबत असेल तर नाही.
- सपाट वास, सफरचंद कापून ठेवल्यासारखा तपकिरी भास: हवा लागून गेलेली वाईन.
- डांबर, सुकलेला गुलाब, ज्येष्ठमध, ओली पानं, चामडं, भूछत्र: हे बारोलोचेच वास. "खराब झाली" म्हणून ओतून देऊ नका. असं केलेले लोक आहेत.

सुरुवातीला येणारा बंद, थोडा गंधकासारखा वास मात्र हवेने जातो. वीस मिनिटं द्या.

तापमान. "लाल वाईन खोलीच्या तापमानाला" हा सल्ला ज्या घरांतून आला तिथल्या खोल्या सोळा-सतरा अंशांच्या असायच्या. बारोलो १६ ते १८ अंशांना द्या. २४ ला दारूचा चटका पुढे येतो. नियमाप्रमाणे अल्कोहोल किमान १३ टक्के, पण प्रत्यक्षात १४ च्या वर सर्रास. १२ च्या खाली टॅनिन लाकडासारखं लागतं. गरम असेल तर बाटली वीस मिनिटं फ्रिजमध्ये. बर्फ घालू नका.

पेला. मोठ्या पोटाचा, तोंडाशी निमुळता, पातळ काचेचा. तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरा, उरलेली जागा वासासाठी. पेले साबणाच्या किंवा कपाटाच्या वासाचे नाहीत ना हे आधी हुंगून बघा. एवढं सगळं करून शेवटी कपाटाचा वास प्यायचा?

## ८. ताटात काय वाढायचं

टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून तोंड कोरडं पडतं. ताटात मांस, चीज, अंडं, लोणी असेल तर टॅनिनला चिकटायला दुसरं काहीतरी मिळतं आणि वाईन एकदम मऊ लागते. आंबटपणा त्या स्निग्धपणाला कापतो. जोडी जमते ती यामुळे. मग लांगेतले पदार्थ बघा, सगळे याच हिशोबाने रचल्यासारखे वाटतात.

ताजारिन. अंड्याच्या बलकाची केसासारखी बारीक पास्ता, किलोभर पिठाला तीस किंवा त्याहून जास्त बलक. लोणी आणि सेज या सुवासिक पाल्यात किंवा मांसाच्या रस्स्यात. शरदात तिच्यावर आल्बाचं पांढरं ट्रफल (जमिनीखाली वाढणारं सुवासिक भूछत्र) कच्चं, टेबलावरच किसतात. ट्रफल शिजवायचं नाही, वास उडून जातो. ट्रफलबरोबर तरुण बारोलो नको. ज्या बाटलीला स्वतःलाच भूछत्रांचा, ओल्या पानांचा वास आला आहे तीच इथे हवी.

आन्योलोत्ती देल प्लिन. चिमटीत दाबून बंद केलेल्या, भाजलेल्या मांसाच्या सारणाच्या इवल्याशा पुड्या. मध्यम वयाच्या बारोलोला उत्तम.

ब्रासातो आल बारोलो. वाईनमध्ये मुरवून मंद शिजवलेलं बैलाच्या खांद्याचं मांस. इथे तीन ठिकाणी हमखास चुकतं. मांस, गाजर, कांदा, सेलरी, तमालपत्र, लवंग, दालचिनी हे वाईनमध्ये रात्रभर फ्रिजमध्ये भिजवा. सकाळी मांस बाहेर काढून कागदाने खडखडीत कोरडं करा. ही पहिली जागा. ओलं मांस तेलात पडलं की तांबूस व्हायच्याऐवजी स्वतःच्या पाण्यात उकडतं, आणि तो करडा रंग मग शेवटपर्यंत जात नाही. सगळ्या बाजू गडद झाल्या की भाज्या परता, मग गाळलेली वाईन ओतून उकळी आणा आणि आच इतकी कमी करा की मधूनच एखादा बुडबुडा यावा. ही दुसरी. रटरटलं की मांस दोरखंडासारखं होतं. झाकण ठेवून साधारण तीन तास. काटा सहज घुसला की मांस काढा, भाज्या रसात वाटून आटवा. काप करायच्या आधी मांस थोडं निवू द्या, गरम कापलं की चुरा होतो. ही तिसरी.

आणि हो, नावात बारोलो आहे म्हणून भांड्यात बारोलो ओतायची गरज नाही. तीन तासांच्या आचेत तिचे नाजूक वास उडून जातात. बार्बेरा किंवा लांगे नेब्बिओलो घाला. बारोलो पेल्यात ठेवा.

मांस न खाणाऱ्यांसाठी पिएमाँतेत सोय उत्तम आहे: कास्तेल्मान्यो चीजमधले न्योक्की (बटाट्याचे छोटे गोळे), पोर्चिनी भूछत्रांची ताजारिन, लोण्यात घोळलेलं रिसोत्तो (इटालियन मऊ भात). कास्तेल्मान्यो हे कूनेओच्याच डोंगराळ भागातलं ठिसूळ, दाणेदार चीज. बारोलोशी त्याच्याइतकं क्वचितच काही जमतं. जुनं पार्मिज्यानोही चालतं.

टाळायचं काय:

- तिखट. मिरचीची आग आणि टॅनिन एकमेकांना चढवतात.
- तेलकट मासे. तोंडात लोखंडासारखी चव येते.
- गोड. मिठाईपुढे बारोलो कडू-आंबट लागते.
- व्हिनेगरचं सॅलड आणि निळ्या बुरशीचं तिखट चीज.

> तपासा: एकाच जेवणात अनेक वाईन असतील तर लांगेतला क्रम पाळा: आधी दोल्चेत्तो, मग बार्बेरा, शेवटी बारोलो. बारोलोनंतर दोल्चेत्तो पाण्यासारखी लागते, आणि त्यात दोल्चेत्तोचा काहीच दोष नसतो.

## ९. उरलेली वाईन

तरुण बारोलो उरली तर बरंच. लहान, स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, बूच लावा, फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तासभर आधी बाहेर काढा. कित्येकदा ती पहिल्या रात्रीपेक्षा मोकळी झालेली असते. तसं झालं तर त्या बाटलीच्या जोडीच्या बाटल्या अजून काही वर्षं न फोडलेल्या बऱ्या, असं समजा आणि त्यांच्यावर तारखेची चिठ्ठी लावा. तिसऱ्या दिवसानंतर फळ उतरणीला लागतं.

जुनी बाटली मात्र त्याच संध्याकाळी संपवायची. सकाळपर्यंत ती तग धरत नाही. पाच-सहा माणसं असतील तेव्हाच ती उघडा.